जेजुनम की इलियम? तुकडा समोर आल्यावर ओळखायचा कसा, आणि एसएमएचा (सुपीरियर मेसेंटेरिक आर्टरीचा) गोंधळ

कोरा_चहा
एमबीबीएस पहिलं वर्ष. अ‍ॅब्डोमेनची प्रॅक्टिकल तोंडावर आली आहे आणि लहान आतड्यापाशी गाडी अडली आहे. चार शंका आहेत, ज्याला जी जमेल तिचं उत्तर द्यावं.

एक, स्पॉटिंगला (नमुना ओळखण्याच्या परीक्षेला) ट्रेमध्ये मेसेंटरीसकट, म्हणजे आतड्याला पोटाच्या मागच्या भिंतीशी बांधणाऱ्या पडद्यासकट, आतड्याचा तुकडा ठेवतात. पुस्तकात लिहिलंय की जेजुनम (लहान आतड्याचा मधला भाग) लालसर, जाड, भरीव आणि इलियम (शेवटचा भाग) फिकट, पातळ. फॉर्मलिनमधून काढल्यावर दोन्ही एकाच मातकट रंगाचे दिसतात. मग बघायचं काय?

दोन, जेजुनमला आर्टरीच्या कमानी एक-दोन, इलियमला चार-पाच. तरी रक्तपुरवठा जेजुनमला जास्त म्हणतात. उलट नको का?

तीन, कमानी एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणजे एक वाट बंद झाली तर दुसरी आहेच. मग व्हासा रेक्टाला (शेवटच्या कमानीतून भिंतीकडे जाणाऱ्या सरळ रक्तवाहिन्यांना) एंड आर्टरी, म्हणजे शेजारणीशी जोड नसलेली आर्टरी, का म्हणायचं? आणि एवढे जोड असताना आतडं काळं पडतं तरी कसं?

चार, डिओडेनमला (लहान आतड्याच्या पहिल्या भागाला) सीलिअ‍ॅक आणि एसएमए या दोन्ही आर्टरींकडून रक्त येतं. याचा प्रत्यक्षात कुणाला काय फरक पडतो?

फांद्यांची नावं पाठ आहेत. चित्र डोळ्यांसमोर येत नाही, ही अडचण आहे.

टेबल_क्र_४
पहिल्या दोन शंकांपुरतं लिहितो. आतड्याकडे बघू नका, मेसेंटरीकडे बघा. रंग, जाडी आणि व्यास या तिन्ही गोष्टी मृतदेहात फसवतात. जेजुनमचा व्यास साधारण ४ सेंमी आणि इलियमचा ३.५ सेंमी, हा अर्ध्या सेंटीमीटरचा फरक आखडलेल्या किंवा वायूने फुगलेल्या आतड्यात कुणालाही दिसणार नाही.

मेसेंटरी पसरून तिच्या मागून उजेड येईल अशी बघा. जेजुनमच्या मेसेंटरीत चरबी मुळाकडे साठलेली असते, आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचत नाही. त्यामुळे भिंतीलगत दोन व्हासा रेक्टांच्या मधली जागा पारदर्शक दिसते. यांनाच खिडक्या म्हणतात. इलियममध्ये चरबी पार भिंतीपर्यंत, कधी भिंतीवर चढलेली, त्यामुळे खिडक्या नाहीत. देह फार स्थूल असेल तर जेजुनमच्या खिडक्याही बुजतात. तेव्हा एकट्या खिडक्यांवर निकाल देऊ नका, कमानी मोजा.

मोजताना भिंतीपासून सुरुवात करून सरळ मुळाच्या दिशेने या आणि वाटेत आडव्या जाणाऱ्या किती रक्तवाहिन्या ओलांडल्या ते मोजा. एक किंवा दोन आल्या आणि शेवटच्या कमानीपासून भिंतीपर्यंतच्या सरळ रक्तवाहिन्या लांब असल्या तर जेजुनम. तीनच्या वर कमानी, जाळीसारखी गुंतवळ आणि आखूड व्हासा रेक्टा असतील तर इलियम. विद्यार्थी बहुतेकदा आडवं मोजतात, म्हणजे एकाच ओळीतल्या शेजारशेजारच्या कमानी मोजतात आणि जेजुनमला सहा कमानी लिहून येतात. थर मोजायचे आहेत, ओळीतली संख्या नाही.

तुकडा उघडलेला असेल तर काम सोपं. जेजुनमच्या आतल्या वर्तुळाकार घड्या उंच आणि दाट, इलियममध्ये त्या बुटक्या आणि विरळ होत जातात, शेवटच्या भागात जवळजवळ नसतातच. इलियमची दुसरी खूण पेयर्स पॅचेस (भिंतीतले लसीका पेशींचे गुच्छ): मेसेंटरीच्या विरुद्ध कडेला, आतड्याच्या लांबीच्या दिशेने लंबगोल. पण हे पॅचेस वयाबरोबर झिजतात आणि डिसेक्शन हॉलमधले देह बहुतेक वृद्धांचे असतात. न दिसल्याने इलियम नाही असं ठरत नाही. डिसेक्शनला स्वतः आतडं उघडायची वेळ आली तर कात्री मेसेंटरीच्या कडेने चालवा; विरुद्ध बाजूने कापलं की पॅचेसचे दोन तुकडे होतात आणि मग ते शोधत बसावं लागतं.

आणखी एक. जेजुनम कुठे संपतं आणि इलियम कुठे सुरू होतं अशी रेघ नाही. वरचे दोन पंचमांश जेजुनम, खालचे तीन पंचमांश इलियम ही सोयीची वाटणी आहे. मधल्या पट्ट्यात दोन्हीची लक्षणं मिसळतात, आणि शहाणा परीक्षक तिथला तुकडा ट्रेमध्ये ठेवत नाही.

आता दुसरी शंका. कमानींची संख्या आणि रक्ताचं प्रमाण या वेगळ्या गोष्टी आहेत. जेजुनमच्या फांद्या जाड, भिंत जाड, घड्यांमुळे आतला पृष्ठभाग कितीतरी मोठा आणि शोषणाचं बरंच काम तिथेच उरकतं, म्हणून रक्त जास्त जातं. कमानी फक्त वाटणीची पद्धत सांगतात.

चित्र डोळ्यांसमोर येत नाही म्हणालात म्हणून टेबलावर करून बघायचा क्रम देतो. ग्रेटर ओमेंटम आणि ट्रान्सव्हर्स कोलन वर उचलून बरगड्यांवर टाका. आतड्याची वेटोळी देहाच्या डावीकडे सारा. मेसेंटरीचं मूळ उघडं पडतं: दुसऱ्या लंबर मणक्याच्या डावीकडे डिओडेनो-जेजुनल (डीजे) फ्लेक्शरपाशी, म्हणजे डिओडेनम जेजुनमला मिळतं त्या वळणापाशी, सुरू होऊन तिरकं खाली उजव्या सॅक्रोइलिअ‍ॅक सांध्यापर्यंत, लांबी सुमारे १५ सेंमी. जाताना ते डिओडेनमचा तिसरा भाग, एओर्टा, इन्फिरियर व्हेना कावा, मग उजवी सोअस आणि तिच्यावरून जाणारे उजवे युरेटर व गोनॅडल रक्तवाहिन्या ओलांडतं. व्हायवाचा (तोंडी परीक्षेचा) हा हमखास प्रश्न. दुसरी कड मात्र जवळजवळ सहा मीटर. नऊवारीच्या निऱ्या कमरेशी मुठीत मावतात आणि खाली घोळ होतो, तशी ही रचना. म्हणून आतडं मोकळं हलतं, आणि म्हणूनच मूळ जन्मतः आखूड राहिलं तर सगळं एकदम पिळतं.

मग मेसेंटरीचा उजवा पदर मुळापासून आतड्याकडे बोथट चिमट्याने सोलत न्या. आत चरबी, लसीकाग्रंथी, नर्व्ह प्लेक्सस आणि रक्तवाहिन्या दिसतील. सुपीरियर मेसेंटेरिक व्हेन (एसएमव्ही) त्याच नावाच्या आर्टरीच्या, म्हणजे एसएमएच्या, उजवीकडे असते. आर्टरीच्या डाव्या बाजूने निघतात त्या जेजुनल आणि इलियल फांद्या, साधारण १२ ते १५. उजव्या बाजूने इन्फिरियर पॅन्क्रिॲटिको-डिओडेनल, मिडल कोलिक, राइट कोलिक आणि इलिओकोलिक. राइट कोलिक बऱ्याच देहांत वेगळी निघत नाही, इलिओकोलिकमधून किंवा मिडल कोलिकमधून येते. सापडली नाही म्हणून दुसऱ्याच फांदीला तिचं नाव देऊ नका. चिमट्याऐवजी ब्लेड वापरलं तर पहिल्या दहा मिनिटांत कमानी तुटतात आणि उरलेल्या बॅचला काहीच बघायला मिळत नाही.

रिट्रॅक्टर_धारी
सर्जरी रेसिडेन्सी. तिसरी शंका माझ्याकडे.

शेवटच्या कमानीपर्यंत तुझं म्हणणं बरोबर आहे. एखादी जेजुनल फांदी बांधली तरी शेजारची फांदी कमानीतून रक्त आणते, आतडं गुलाबी राहतं. पण शेवटच्या कमानीतून एकदा व्हासा रेक्टा निघाल्या की मेसेंटरीत त्या एकमेकींना भेटत नाहीत. एक आतड्याच्या या बाजूने, पुढची त्या बाजूने, अशा आळीपाळीने भिंतीत शिरतात. त्यांची गाठ पडते ती भिंतीच्या आत, सबम्यूकोसात (आतल्या अस्तराखालच्या थरात). तो जोड बारीक आहे. एखाद-दुसरी व्हासा रेक्टा गेली तर निभावतं, ओळीने काही सेंटीमीटर गेल्या तर निभावत नाही. म्हणून ‘एंड आर्टरी’ हा शब्द कामापुरता खरा आहे, शंभर टक्के नाही.

यावरून थिएटरमध्ये दोन सवयी लागतात. पहिली, आतड्याचा भाग काढताना मेसेंटरी कुठे कापतोयस ते बघ. मुळाकडे कापलीस तर कमानी सांभाळून घेतात. भिंतीला चिकटून लांबवर सोलत गेलास तर व्हासा रेक्टा जातात आणि जोड द्यायची कडच उपाशी राहते. जोडाच्या टोकाशी साधारण १ सेंमीच्या आसपासच भिंत मोकळी करायची, टाके दिसण्यापुरती. मेसेंटरीच्या मागून थिएटर लाइटचा उजेड घेतला की कमान कुठे आणि मोकळी जागा कुठे ते स्वच्छ दिसतं. टेबल_क्र_४ यांनी खिडक्यांबद्दल लिहिलंय तीच युक्ती.

दुसरी सवय कापाच्या दिशेची. व्हासा रेक्टा मेसेंटरीच्या बाजूने शिरून विरुद्ध कडेकडे जातात, म्हणजे विरुद्ध कड सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी रक्त मिळणारी. म्हणून आतडं आडवं सरळ न कापता थोडं तिरकं कापतात, विरुद्ध कडेचा भाग जास्त जाईल असं. तोंड थोडं मोठं होतं हा वरचा फायदा.

इथे नवे लोक गोंधळतात. रक्त विरुद्ध कडेला कमी, तर जोड गळेल तो तिथेच असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात काळजी मेसेंटरीच्या कडेची जास्त करावी लागते. मेसेंटरीचे दोन पदर आतड्याला मिळतात तिथे फाकतात आणि मधे एक त्रिकोणी पट्टी उरते जिच्यावर सेरोसा (आतड्याचं बाहेरचं गुळगुळीत आवरण) नाहीच. टाका धरतो तो मुख्यतः सबम्यूकोसात, पण वरून सील होतं ते सेरोसा सेरोसाला चिकटून. त्या त्रिकोणात चरबी असते, रक्तवाहिनी असते, नीट दिसत नाही. टाका चरबीत जातो आणि भिंत सुटते. शिवाय घाईत घेतलेल्या टाक्याने एखादी व्हासा रेक्टा टोचली की मेसेंटरीत हिमॅटोमा पसरतो आणि धडधाकट कडही दाबून टाकतो. म्हणून कोपऱ्याचा टाका आधी, समोर दिसत असताना घ्यायचा, शेवटी उरलं म्हणून नाही. मेसेंटरीची फट शिवतानाही तेच: टाके फक्त वरच्या पदरातून, खोल नाही. आणि फट शिवायचीच, नाहीतर आतडं तिच्यातून आत सरकतं.

‘आतडं काळं पडतं कसं’ याचं उत्तर त्याहून वर आहे. कमानी मदत करतात त्या एकाच आर्टरीच्या फांद्यांमध्ये. खोडच, म्हणजे एसएमएच, बंद झालं तर कमानीत रक्त आणायचं कुठून?

कोरा_चहा
खूप धन्यवाद दोघांना. मधेच एक उपशंका. ऑपरेशनमध्ये छोट्या छेदातून आतड्याचं एक वेटोळं बाहेर आलं तर त्याचं वरचं टोक कुठलं आणि खालचं कुठलं हे कसं कळतं? व्हायवाला हा प्रश्न येतो असं सीनियर सांगतात.

रिट्रॅक्टर_धारी
येतो. वेटोळ्याची मेसेंटरी दोन्ही बाजूंनी बोटांत धरून मुळापर्यंत बोटं ने, पीळ असेल तर तो आधी सोडव. मूळ वरून-डावीकडून खाली-उजवीकडे जातं. मेसेंटरी मुळाला समांतर झाली की डाव्या-वरच्या अंगाचं टोक डिओडेनमकडचं, उजव्या-खालच्या अंगाचं सीकमकडचं. व्हायवाला एवढं पुरतं.

थिएटरमध्ये यावर कुणी विसंबत नाही. दोन ठाम खुणांपैकी एक गाठायची. एकतर इलिओसीकल जंक्शन, तिथून मागे हातावर हात टाकत चालायचं. नाहीतर ट्रान्सव्हर्स कोलन वर उचलून तिच्या मेसोकोलनच्या मुळाशी, कण्याच्या डाव्या अंगाला हात घालायचा. जे वेटोळं ओढल्यावर येत नाही, जागेवर बांधलेलं आहे, तोच डीजे फ्लेक्शर. त्याला बांधून ठेवणारा ट्राइट्झचा लिगामेंट डायफ्रामच्या उजव्या क्रसपासून येतो. फ्लेक्शरच्या लगेच डावीकडून इन्फिरियर मेसेंटेरिक व्हेन वर जाते. तिथे डाव्या पॅराड्युओडेनल हर्नियात आतडं अडकलेलं असेल तर पिशवीच्या तोंडाच्या पुढच्या कडेतच ही व्हेन असते. आतडं सुटावं म्हणून ती कड सरळ कापली तर काय होईल ते सांगायला नको.

काळी_फिल्म
रेडिओलॉजी. खोडाबद्दल वर अर्धवट सोडलंय, तिथून पुढे.

एसएमए एओर्टाच्या पुढच्या बाजूने पहिल्या लंबर मणक्याच्या पातळीवर निघते, सीलिअ‍ॅकच्या जेमतेम १ सेंमी खाली. पॅन्क्रियाच्या मानेमागून खाली येते, मग डाव्या रीनल व्हेनच्या, अन्सिनेट प्रोसेसच्या आणि डिओडेनमच्या तिसऱ्या भागाच्या पुढून मेसेंटरीत शिरते. सीलिअ‍ॅक एओर्टातून जवळपास काटकोनात पुढे येते, एसएमए तिरकी, एओर्टाला जवळजवळ समांतर खाली जाते. एट्रिअल फिब्रिलेशनमध्ये डाव्या एट्रियममधून सुटलेली गुठळी एओर्टातून खाली येते तेव्हा या तिरक्या वाटेत सरळ घुसते. मेसेंटेरिक इस्केमियात (आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्यात) एसएमएचं नाव इतक्या वेळा येतं त्याचं हे कारण.

गुठळी कुठे अडकते यावर काय वाचतं ते ठरतं. एम्बोलस (वाहत आलेली गुठळी) बहुधा तोंडाशी न अडकता काही सेंटीमीटर पुढे, आर्टरी अरुंद होते तिथे, बऱ्याचदा मिडल कोलिक निघाल्यानंतर अडकतो. तोपर्यंत पहिल्या काही जेजुनल फांद्या सुटलेल्या असतात, म्हणून सुरुवातीचं जेजुनम गुलाबी आणि पुढचं सगळं काळं असं चित्र दिसतं. थ्रॉम्बोसिसचं (जागेवरच गुठळी होण्याचं) उलट. तो आर्टरीच्या तोंडाशी, आधीपासून साठलेल्या एथेरोमावर (भिंतीतल्या चरबीच्या थरावर) होतो. तिथे बंद झालं की डीजे फ्लेक्शरपासून ट्रान्सव्हर्स कोलनपर्यंत सगळा मिडगट (एसएमएच्या वाट्याचं आतडं) जाऊ शकतो. अशा रुग्णाला विचारलं तर जेवणानंतर पोटात दुखणं, दुखेल म्हणून कमी खाणं आणि वजन उतरणं, असा काही महिन्यांचा इतिहास मिळतो. हळूहळू अरुंद होत गेली असेल तर सीलिअ‍ॅककडून पॅन्क्रिॲटिको-डिओडेनल कमानी आणि इन्फिरियर मेसेंटेरिककडून मार्जिनल आर्टरी मोठ्या होऊन मदतीला येतात. अचानक बंद झाली तर त्यांना मोठं व्हायला वेळच मिळत नाही. कमानी आणि जोड कितीही असले तरी वेळ हा त्यातला मुख्य मुद्दा आहे.

सीटी अँजिओग्राफीबद्दल दोन गोष्टी वॉर्डवाल्यांसाठी. तोंडाने पांढरा कॉन्ट्रास्ट पाजू नका. आतड्याची भिंत रंग घेते की नाही हेच बघायचं असतं आणि तो नेमकं तेच झाकतो. आणि क्रिएटिनिन वाढलंय म्हणून संशयित रुग्णाचा सीटी ताटकळत ठेवू नका. तास महत्त्वाचे आहेत, साधारण सहा तासांच्या पूर्ण अडथळ्यानंतर आतडं परत येणं कठीण. लॅक्टेट नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, ते उशिरा वाढतं. भिंतीत किंवा पोर्टल व्हेनमध्ये हवा दिसेपर्यंत थांबलात तर बहुधा उशीर झालेला असतो.

आर्टरी बंद झाली तर भिंत कागदासारखी पातळ दिसते, व्हेन बंद झाली तर सुजून जाड होते. रक्त येत राहतं आणि जायला वाट नसते, म्हणून.

व्हेनबद्दल आणखी एक, कारण पहिल्या वर्षात हे शिकतानाच डोक्यात बसायला हवं. एसएमव्ही आर्टरीच्या उजवीकडे असते हे वर आलंय. गर्भात मिडगट सहाव्या आठवड्यात नाळेत बाहेर जातो आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास परततो. या सगळ्यात एसएमएभोवती घड्याळाच्या उलट दिशेने २७० अंश फिरतो. हे फिरणं अर्धवट राहिलं (मालरोटेशन) तर व्हेन आर्टरीच्या डावीकडे किंवा समोर दिसू शकते. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली की सोनोग्राफीत आम्ही आधी हेच बघतो. नातं बरोबर दिसलं म्हणून मात्र मालरोटेशन नाही असं म्हणता येत नाही. कॉन्ट्रास्ट देऊन डीजे फ्लेक्शर कण्याच्या डाव्या पेडिकलच्या डावीकडे आणि डिओडेनल बल्बच्या उंचीवर आहे का, ते बघावं लागतं. तो जागेवर नसेल तर मेसेंटरीचं मूळ १५ सेंमीऐवजी आखूड देठ असतं, आणि त्याभोवती आतडं घड्याळाच्या दिशेने पिळतं. सर्जन ते सोडवताना उलट दिशेने फिरवतात. नवजात बाळाची हिरवी उलटी उद्या सकाळवर टाकायची नसते.

टेबल_क्र_४
वरच्या वर्णनात ‘तिसऱ्या भागाच्या पुढून’ आलं, त्यावर एक ओळ. एओर्टा मागे, एसएमए पुढे, मधल्या कोनात डावी रीनल व्हेन आणि डिओडेनम. हा कोन चरबीच्या गादीवर टिकतो. वजन झपाट्याने उतरलं, मोठा भाजण्याचा अपघात झाला किंवा पाठीच्या ऑपरेशननंतर कणा ताणला गेला तर कोन मिटतो आणि डिओडेनम चिमटतं. कोन २५ अंशांखाली आणि अंतर ८ ते १० मिमीच्या खाली गेलं की एसएमए सिंड्रोमचा विचार करतात. रीनल व्हेन चिमटली तर त्याला नटक्रॅकर म्हणतात. व्हायवाला दोन्ही एका दमात सांगा.

रिट्रॅक्टर_धारी
चौथी शंका राहिलीच होती. डिओडेनम सुमारे २५ सेंमी. भाग चार, अंदाजे ५, ८, १० आणि २.५ सेंमीचे. दुसऱ्या भागात मेजर पॅपिला (पित्तनळीचं तोंड), पायलोरसपासून ८ ते १० सेंमीवर. तिच्या जरा खाली फोरगट (गर्भातल्या अन्ननलिकेचा पुढचा भाग) संपतो आणि मिडगट सुरू होतो. फोरगटची आर्टरी सीलिअ‍ॅक, मिडगटची एसएमए, म्हणून दोन मालक. सीलिअ‍ॅककडून कॉमन हिपॅटिक, तिच्यातून गॅस्ट्रोडिओडेनल, तिच्यातून सुपीरियर पॅन्क्रिॲटिको-डिओडेनल; एसएमएकडून इन्फिरियर. दोघी पुढून आणि मागून अशा दोन कमानी करतात, पॅन्क्रियाचं डोकं आणि डिओडेनम यांच्या खोबणीत. या कमानी दोघांच्या सामायिक आहेत, म्हणून पॅन्क्रियाचं डोकं काढायचं झालं की डिओडेनमही काढावं लागतं. व्हिपल, म्हणजे हे ऑपरेशन, एवढं मोठं होण्यामागे हेच आहे.

फरक कुणाला पडतो? रक्ताची उलटी होणाऱ्या अल्सरच्या रुग्णाला. पहिल्या भागाच्या मागच्या भिंतीमागून गॅस्ट्रोडिओडेनल आर्टरी जाते. पुढच्या भिंतीचा अल्सर फुटून पोटात गळतो, मागच्या भिंतीचा ती आर्टरी पोखरतो. आता फक्त वरच्या बाजूला टाका मारला तर खालून एसएमएचं रक्त कमानीतून उलटं येतंच. म्हणून टाके वर, खाली आणि शिवाय आतल्या बाजूला, पॅन्क्रियाकडे जाणाऱ्या आडव्या फांदीसाठी. रेडिओलॉजीवाले कॉइल टाकतात तेही रक्त सुटण्याच्या जागेच्या पलीकडे आणि अलीकडे दोन्हीकडे. एकाच बाजूने बंद केलं तर रुग्ण रात्री पुन्हा रक्त ओकतो आणि सगळे विचारतात, आर्टरी तर बांधली होती ना.

आणि ज्यांना पुढे सर्जरी करायची आहे त्यांनी लक्षात ठेवा: काही जणांत राइट हिपॅटिक आर्टरी सीलिअ‍ॅकऐवजी एसएमएमधून येते आणि पॅन्क्रियाच्या डोक्यामागून यकृताकडे चढते. सीटी बघताना ती शोधायचीच.

पॅराफिन_ब्लॉक
पॅथॉलॉजीकडून थोडी भर. आतड्याच्या रक्तापैकी मोठा वाटा म्यूकोसाला (आतल्या अस्तराला) जातो, आणि इस्केमियात पहिली मरते तीही म्यूकोसाच, त्यातही व्हिलसचं (अस्तरावरच्या बोटासारख्या उंचवट्याचं) टोक. व्हिलसमध्ये मधून एक आर्टिरिओल टोकाकडे चढतो आणि त्याच्या लगत व्हेन्यूल्स उतरतात. दोघांत अंतर इतकं कमी की ऑक्सिजन वर पोचण्याआधीच काही प्रमाणात आडवाटेने व्हेन्यूलमध्ये उतरतो. प्रवाह नीट असताना हे खपतं. बीपी पडलं की टोक कोरडं पडतं. आर्टरी उघडी असूनही आयसीयूतल्या, भरपूर व्हॅसोप्रेसरवर (बीपी वाढवणाऱ्या औषधांवर) असलेल्या रुग्णाचं आतडं जातं त्यामागे हेही एक कारण असतं.

मृत्यू आतून बाहेर सरकतो. सेरोसा आणि पेरिटोनियम शेवटी. म्हणून सुरुवातीला रुग्ण वेदनेने तळमळत असतो आणि पोट हाताला मऊ लागतं. पोट फळीसारखं झालं तेव्हा भिंत आरपार गेलेली असते. म्हणूनच ऑपरेशनमध्ये बाहेरून बऱ्या दिसणाऱ्या आतड्याचाही भरवसा धरत नाहीत. कोमट ओले मॉप ठेवून थांबतात, रंग, चकाकी, पेरिस्टाल्सिस आणि मेसेंटरीतली नाडी बघतात आणि शंका असली तर २४ ते ४८ तासांनी पुन्हा पोट उघडून बघतात.

दुसरी गोष्ट आपल्याकडे फार कामाची. पेयर्स पॅचेस लांबीच्या दिशेने असतात आणि टायफॉइड त्यांना धरतो, म्हणून टायफॉइडचे अल्सर लांबीला समांतर, शेवटच्या इलियममध्ये, मेसेंटरीच्या विरुद्ध कडेला. ही तीच कमी रक्ताची कड, आणि फुटतात तेही तिथेच, बहुधा तिसऱ्या आठवड्यात. भिंतीतल्या लसीकावाहिन्या मात्र आतड्याला गोल वेढा घालतात आणि टीबी त्यांच्या वाटेने पसरतो. म्हणून टीबीचा अल्सर आडवा, पट्ट्यासारखा, आणि बरा होताना आवळून स्ट्रिक्चर करतो. जारमधला नमुना ओळखताना अल्सरची दिशा बघितली तरी अर्धं उत्तर मिळतं.

कोरा_चहा
आता चित्र दिसायला लागलं. शेवटचं: लांबी नक्की किती लिहायची? कुठे ६ मीटर, कुठे ३, कुठे ७. आणि मेकेलचं (इलियमवरच्या जन्मजात पिशवीचं) दोन फुटांचं गणित परीक्षेपुरतंच आहे का?

टेबल_क्र_४
मृतदेहात स्नायूंचा ताण गेलेला असतो म्हणून ६ ते ७ मीटर भरतं. जिवंतपणी ३ ते ५ मीटर, मोजायच्या पद्धतीवर बदलतं. उत्तरात ‘मृतदेहात सुमारे ६ मीटर’ असं लिहा. मेकेल सुमारे २ टक्के लोकांत, इलिओसीकल जंक्शनपासून साधारण ६० सेंमीवर, विरुद्ध कडेला. स्वतःची आर्टरी घेऊन येतो, गर्भातल्या व्हायटेलाइन आर्टरीचा अवशेष, म्हणून पेयर्स पॅचशी किंवा साध्या फुगवट्याशी गल्लत होत नाही. अंतराचा आकडा सरासरीचा आहे, पण थिएटरमध्ये शोधायला निघालं की ६० सेंमीवर न थांबता मीटरभर तरी मागे जातात.

रिट्रॅक्टर_धारी
लांबीबद्दल थिएटरची बाजू. किती काढलं यापेक्षा किती उरलं ते ऑपरेशन नोटमध्ये लिहायचं, कारण सुरुवातीची लांबी प्रत्येकाची वेगळी. आतडं न ताणता, विरुद्ध कडेने, ओल्या टेपने किंवा मोजलेल्या दोऱ्याने मोज. २०० सेंमीच्या खाली उरलं की शॉर्ट बाउलची (उरलेलं आतडं अपुरं पडण्याची) काळजी सुरू. कुठलं उरलं हेही लिही: शेवटचं ६० सेंमीपेक्षा जास्त इलियम गेलं तर बी१२ची इंजेक्शनं लागतात. बाइल सॉल्ट परत घेणारी जागाही तीच. १०० सेंमीपर्यंत गेलं तर ते कोलनमध्ये उतरून पाण्यासारखे जुलाब करतात आणि कोलेस्टिरामीनने फरक पडतो. त्याहून जास्त गेलं तर शरीरातला साठाच संपतो, चरबी पचत नाही, आणि तेव्हा तेच औषध दिलं तर जुलाब वाढतात. जेजुनम गेलं तर इलियम बरंचसं काम अंगावर घेतं; इलियम गेलं तर जेजुनमला ते जमत नाही.

काळी_फिल्म
आणि ती नोट सीटीच्या रिक्वेस्ट फॉर्मसोबत जोडा. ‘ऑपरेटेड केस’ एवढंच लिहून पाठवलं की जोड कुठे आहे ते शोधण्यात आमचा अर्धा तास जातो.